ड्रमवरचे थेंब

ये गं, इकडे जवळ बस. दारात काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? व्हीसीआर घेतलास, तीन खोल्यांतल्या तीन टीव्हींना जोडायला दुकानातला माणूस बोलावलास, आणि शेवटच्या खोलीतल्या टीव्हीवर चित्राऐवजी मुंग्या येतात म्हणून आता आत्या आठवली. आधी विचारायला काय झालेलं? पण तुला तरी काय बोलू. लोकांच्या घरी जाऊन मशीनला हात का लावत नाही, ते मी तुला कधी सांगितलंच नाही.

एकदा एका घरचं काम संपवून मी जिन्यात चप्पल घालत होते. दार उघडंच. आत आजी, म्हणजे त्या घरातल्या साहेबांच्या आई, पळीने व्हीसीआरवर गोमूत्र शिंपडत होत्या. चोरून नाही. माझ्याकडे बघत बघत. आधी बटणांवर, मग वरच्या जाळीवर. मग मी बसून उठले होते त्या पाटावर.

राग आला नाही मला. काहीच आलं नाही. एवढंच मनात आलं, की जाळीतून थेंब खाली गेला तर थेट ड्रमवर पडेल, टेप ज्याला घासून फिरते त्यावर.  एका चपलेचा अंगठा तुटलेला, तो बोटांत घट्ट धरून तीन मजले उतरले.

डोंबिवलीची बिल्डिंग ती. आठ घरं, व्हीसीआर एक, साहेबांचा. एका घरी कॅसेट लावायची आणि आठही घरी दिसायची, अशी वायर त्यांना हवी होती. मी ठाण्याला टीव्ही-व्हीसीआरच्या कंपनीत सोल्डरिंगला. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं जळक्या बोर्डांवर शिकलेली. आमचे सुपरवायझर साहेबांचे मित्र. म्हणाले, "बाई, एवढं काम चोख करून द्या, पुढच्या महिन्यात तुम्हाला टेस्टिंगच्या टेबलावर बसवतो."

टेस्टिंगला तोवर एकही बाई नव्हती. मला ते टेबल हवं होतं. दुसरं काहीच नको होतं.

दोन रविवार घातले त्यात. गच्चीवरून वायर सोडली, प्रत्येक मजल्यावर फाटे काढले. मग एकेका घरात जाऊन चित्र तपासलं. पहिल्या मजल्यावर चित्रातल्या माणसाशेजारी त्याची सावली दिसायची. तिथला जोड मी तीनदा उकलला. तळमजल्यावर नुसत्या मुंग्या, म्हणून मध्ये बूस्टर बसवला. आठवं घर स्वच्छ दिसलं, तेव्हा तिथल्या वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, आमच्याकडे तर साहेबांपेक्षा छान दिसतंय." सगळे हसले. मीपण हसले.

मग वर साहेबांकडे मशीनची पूजा. नारळ फोडला, बायकांना हळदीकुंकू. करंडा माझ्यापाशी आला तेव्हा आजींनी विचारलं, "राहायला कुठे म्हणालात?"

"कोपरीला. बुद्धविहाराच्या मागे."

करंडा पुढच्या बाईकडे गेला.  आठव्या घरच्या वहिनी माझ्या शेजारी बसलेल्या, त्यांनी आपलं कुंकू लावून घेतलं. मी पिशवी उचलली. पुढचं जिन्यातलं तुला सांगितलंच.

घरी येऊन भाकऱ्या थापल्या. तुझ्या काकांनी विचारलं, "झालं का काम?" म्हटलं, झालं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरनी टेबलापाशी येऊन सगळ्यांसमोर सुनावलं. "काय करून आलात? टेप आत गुंडाळली गेलीय. म्हणतात, या बाईच्या हाताने मशीन गेलं. आज जाऊन ठीक करून या. नाहीतर टेस्टिंग विसरा."

गेले. आठही घरची माणसं जमलेली. मी चार स्क्रू काढले, झाकण उचललं. वास आला. टेप ड्रमला चिकटून बसलेली, ड्रमवर थेंबांचे पिवळे डाग वाळलेले. ओल्या ड्रमला टेप चिकटते, आमच्या लाइनवरची नवी पोरगीसुद्धा पहिल्या आठवड्यात हे शिकते.

मी साहेबांना म्हटलं, "वाकून बघा. वास घ्या."

ते वाकले. सरळ झाले. आईकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. हळूच म्हणाले, "असू द्या हो बाई. जुनी माणसं. तुम्ही पुसून द्या, तुमच्या सुपरवायझरना मी सांगतो, सगळं ठीक झालं म्हणून."

टेस्टिंगचं टेबल डोळ्यांसमोर होतं. कापूस, स्पिरिट, दहा मिनिटांचं काम. कापूस मी भिजवलासुद्धा. आणि हात थांबला. कसा, ते आजही सांगता येत नाही. मी आजींना विचारलं, "मी पुसलं की परत शिंपडणार का?"

आजी शांतपणे म्हणाल्या, "ते तर करावंच लागेल."

खोटं नाही बोलली म्हातारी. त्या खोलीत तेवढीच खरं बोलली.

"मग नाही," मी म्हटलं. कापूस तसाच ठेवला. चार स्क्रू झाकणावर ओळीने मांडले आणि निघाले. मागून साहेब ओरडले, "अहो, निदान बंद तरी करा." जिन्यात कोणी तरी कुजबुजलं, "बघा, माज बघा यांचा." त्या आठव्या घरच्या वहिनी. आवाज ओळखला मी.

टेस्टिंग मिळालं नाही. नऊ वर्षं सोल्डरिंगच केलं. साहेबांनी खरी गोष्ट कोणाला सांगितली नाही. मी सांगितली, कोणी ऐकून घेतली नाही. सोल्डरिंगचा तो धूर अजून छातीत आहे, रात्री खोकते ते तू राहायला आलीस की ऐकतेसच. वाईट वाटतं का? माहीत नाही. बराच काळ काही वाटतच नव्हतं.

पण त्या दिवसापासून एक ठरलं ते ठरलं. मशीन माझ्या ओट्यावर येईल, मी कोणाच्या दारात जाणार नाही. ज्याला माझा हात चालतो, त्याने इथे आणावं, समोर बसावं, आणि झाकण लागलं की तसंच उचलून न्यावं. गेल्या पावसाळ्यात त्या आठव्या घरच्या वहिनी व्हीसीआर घेऊन आलेल्या. मी ओळख दाखवली नाही. चहा दिला. प्याल्या. मग स्क्रूड्रायव्हर उचलला.

तुझ्या मुंग्यांचं म्हणशील, तर वायरला जिथे फाटा फुटतो तिथला जोड कच्चा असणार. मी येणार नाही. तू व्हीसीआर आणि वायर घेऊन रविवारी ये. झाकण तू उघडायचंस, मी बाजूला बसेन. आणि उद्या हे शिकून कोणाकडे गेलीस, नि तुझ्या हातामागे कोणी पळी उचलली, तर स्क्रू ओळीने मांडून निघायचं. लवकर ये गं. सोल्डरिंगची सळई मी तापवून ठेवणार नाही, ती तू तापवायचीस, चहा मात्र उकळून ठेवते.