बॅटऱ्या कशाला इतक्या?

त्याला सगळे फोरमन म्हणायचे. फोरमन तो कधीच झाला नाही. उभं आयुष्य पत्र्याच्या कारखान्यात दणादण आदळणाऱ्या प्रेसवर गेलं, आणि बढतीची वेळ आली की दर वेळी कुणाचा तरी भाचा आडवा आला. पण हात मागे बांधून, मान जराशी वर करून चालायची ढबच अशी, की नवा लागलेला माणूस पहिला सलाम त्यालाच ठोकायचा. तिथून नाव पडलं ते पडलंच. निवृत्त झाल्यावरही कोपऱ्यावरचा दुकानदार ‘या फोरमन’ म्हणतो, आणि फोरमन मान हलवून ते मान्य करतो.

त्या दिवशी सकाळपासून घरात सामान बांधायचं चाललं होतं. फोरमनची लेक आवाजाचं काम करते. म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमात मोठ्या टेबलामागे बसून कुणाचा आवाज किती वर, कुणाचा किती खाली, हे ठरवते. आजवर ती दुसऱ्यांच्या हाताखाली वायरी गुंडाळत होती. या उन्हाळ्यात पहिल्यांदा टेबल तिच्या ताब्यात आलं होतं. तेही कुठे, तर तलावाकाठच्या मोकळ्या माळावर, जिथे लोक तंबू ठोकून राहतात आणि दिवसरात्र गाणी ऐकतात. तिने आईबापांचे पास काढले आणि बापाला निरोप धाडला: ‘बाबा, आवाज कसा लागला ते तुम्ही सांगायचं. बाकीचे सगळे नुसतं छान छान करतात.’

निरोप वाचल्यापासून फोरमन न जाण्याची सबब शोधत होता. कारण फोरमनला ऐकू येत नव्हतं.

एकदम नाही गेलं. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग फोन, मग माणसं. कारखान्यात कानात घालायला बोळे नव्हते असं नाही. तपासणीचा साहेब येणार त्या दिवशी ते वाटले जात, आणि साहेबाची गाडी फाटकाबाहेर पडली की परत कपाटात कुलूपबंद. कंपनीच्या डॉक्टरने कागदावर लिहिलं, ‘वयोमानानुसार’. वयोमान म्हणे! शेजारच्या प्रेसवरचा मिशी नुकती फुटलेला गडीसुद्धा बोलताना कानाला हात लावायचा. त्याचंही वयोमानच का?

फोरमनने घरात कुणाला हे सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच काय, असं त्याचं म्हणणं. त्या शेडमध्ये कान कुणाचे चालत होते? तिथे माणसं ओठ वाचायची आणि हातांनी बोलायची. अंगठा ओठाला, म्हणजे चहा. दोन बोटं कॉलरला, म्हणजे साहेब आला. डोक्यावर दोन्ही हातांची फुली, म्हणजे मशीन बंद, कुणी हात घालू नका. बायको त्याच शेडमध्ये चेकिंगला होती, आणि त्यांचं लग्नही असंच ठरलं. त्याने या टोकावरून हातांनी विचारलं, तू, मी, सुट्टी झाल्यावर, फाटक? तिने हातातला पत्रा खाली न ठेवता दोन बोटं कॉलरला लावली. हा नकार समजावा की होकार, अशा विचारात तो पडला, तर मागे खरंच साहेब उभा. साहेब हलल्यावर मग तिने अंगठा ओठाला लावला.

तर घरातही त्याचं ओठांवर भागत होतं. समोरच्याचं तोंड दिसलं की झालं. फोन आला की “आईशी बोल” म्हणून तो बायकोच्या हातात द्यायचा. पण गाणं? गाणाऱ्याचे ओठ बघून आवाज कसा लागला ते काय सांगणार, कपाळ! आणि कामाच्या बाबतीत या पोरीशी तो कधी खोटं बोलला नव्हता. लहानपणी तिने वाकडा ठोकलेला खिळासुद्धा त्याने वाकडाच म्हटला होता. आता छान म्हणावं तर खोटं, आणि जाऊ नये तर पोरीच्या आयुष्यातला मोठा दिवस चुकतो.

“हे बूट कशाला?” बायकोने बॅगेतून एक बूट वर काढला. “गाणं ऐकायला चाललोय की पत्रे उचलायला?”

“माळ आहे तो. दगडधोंडे असतात. कंपनीने आयुष्यात एकच वस्तू धड दिली, ती हे बूट.”

“तळ बघा त्याचा, विटेएवढा. अर्धी बॅग यांनीच खाल्ली. चेन लागत नाहीये.”

“मग तुझ्या त्या बॅटऱ्या काढ.”

बॅटऱ्यांवरून सकाळपासून धुसफूस चालली होती. एक लांब बॅटरी, एक कपाळाला बांधायची, एक कंदिलासारखी बुटकी, एक किल्लीला अडकवायची, शिवाय सेलची पाकिटं वेगळी. दोन टॉवेल काढून तिने त्या जागी बॅटऱ्या कोंबल्या होत्या.

“दरोडा घालायचाय का आपल्याला?” फोरमन म्हणाला.

“तिथे रात्री अंधार असतो.”

“अंधारात माणसं झोपतात. दिवाळी असल्यासारखे सगळे दिवे कशाला लावायचे?”

“झोपायच्या आधी बोलतात माणसं.”

“इतक्या वर्षांनी बोलायला काय शिल्लक ठेवलंयस तू?”

तिने टेबलाच्या खणातून आणखी एक बॅटरी शोधून काढली आणि तीही बॅगेत सारली.

फोरमनने मग दुसऱ्या वाटेने जाऊन बघितलं. कमरेला हात लावला. “जमिनीवर झोपायचं म्हणजे माझी कंबर... तू जा. लेकीला सांग समजावून.”

“काल माळ्यावर चढून बॅग काढलीत तेव्हा कंबर कुठे गेली होती? फिरायला?”

तिथेही डाळ शिजली नाही.

तंबू वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडून मागून आणला होता. एकदा घरातच उभा करून बघू, असं बायकोने लावून धरलं. माळावर काठ्या कमी निघाल्या तर हसं होईल. फोरमनलाही हे पटलं, कारण काठ्या जोडायच्या कामात हुकूम सोडता येतात. पलंग उभा करून खिडकीला टेकवला, खुर्च्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि खोलीच्या मधोमध मास्तरांचा गडद हिरवा तंबू उभा राहिला. काठ्या पुरल्या. एक उरलीसुद्धा. ती कुठली, यावर थोडा वाद झाला आणि ती पलंगामागे गेली.

“आत बसून बघू या,” बायको म्हणाली. दोघं गुडघ्यांवर रांगत आत शिरली. तिने तंबूची चेन लावून घेतली.

मिट्ट काळोख. खिडकीवर पलंग, वर जाड कापड. वाळल्या गवताचा, कुणाच्या तरी जुन्या सहलीचा वास.

“बरा आहे,” फोरमन म्हणाला. “दोघांना पुरेल.”

काही नाही. मग त्याच्या गालाला तिचा श्वास लागला. थांबला, पुन्हा लागला. ती बोलत होती. आजवर हे असं झालंच नव्हतं. घरात कुठला ना कुठला दिवा नेहमी जळत असे. तो जळत का असे, हे मात्र त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

“हो हो,” त्याने ठोकून दिलं.

खट्कन उजेड पडला. बायकोने बुटकी बॅटरी हनुवटीखाली धरली होती. तोंड स्वच्छ दिसत होतं.

“मी विचारलं, तुमचं नाव काय,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणालात, हो हो.”

“कापड जाड आहे. आवाज दबतो,” फोरमन उसळला. “मला सगळं ऐकू येतं. सकाळपासून तुझ्या एकेका वाक्याला उत्तर देतोय की नाही?”

“देताय.”

“मग?”

“सकाळपासून मी आवाजच काढलेला नाही.”

फोरमन तिच्या ओठांकडे बघत राहिला.

हिवाळ्यात तिचा घसा बसला होता. डॉक्टरने अजिबात बोलायचं नाही म्हणून बजावलं. ती नुसते ओठ हलवायची, जुन्या शेडमधल्यासारखे, आणि फोरमन उत्तरं देत राहिला. एकदा तर भाजीत मीठ कमी यावरून भांडलासुद्धा. घसा बरा झाला तेही त्याला कळलं नाही, कारण तो बसला होता हेच त्याला कळलं नव्हतं. तेव्हापासून दोघंच घरात असली की ती आवाजाच्या भानगडीत पडेनाशी झाली.

“घसा वाचतो,” ती म्हणाली. “आणि आपल्या भांडणातलं शेजाऱ्यांना फक्त तुमचंच ऐकू जातं. मास्तरीणबाई म्हणतात, बिचारी, तो एवढा ओरडतो, पण ही तोंडातून शब्द काढत नाही.”

रागाने उठून जावं, तर तंबूत उठून उभं राहता येत नाही. फोरमन बसून राहिला. बसल्या बसल्या राग हळूहळू खाली गेला, आणि त्याच्याखाली जे होतं ते हलकं होतं. एवढे दिवस ओठांवर पाळत ठेवून त्याचे डोळे दमले होते.

“आधी का नाही म्हणालीस?”

“म्हटलं, तुम्हाला सांगायचं तेव्हा सांगाल. पण रात्री तंबूत मी काही म्हणणार आणि तुम्ही अंधारात हो हो करत बसणार, ते काय खरं नाही. म्हणून बॅटऱ्या.”

“लेकीला माहीत आहे?”

“मी कशाला सांगू? कान तुमचे आहेत.”

दुपारी लेक गाडी घेऊन आली. खोलीतला तंबू बघून पोट धरधरून हसली, मग बॅगेकडे वळली. फोरमनने तिच्या खांद्याला हात लावून तिला आपल्याकडे वळवलं. शब्द जुळवून ठेवले होते, ते ऐन वेळी पळाले. त्याने दोन्ही कानांना बोटं लावली, आणि डोक्यावर हातांची फुली केली.

ही खूण लेकीला ओळखीची होती. शाळेच्या रस्त्यापलीकडून बाप हीच करायचा: थांब, गाडी येतेय. बॅगेचा पट्टा तिच्या हातातच राहिला.

“किती दिवस झाले, बाबा?”

“बरेच. आवाज कसा लागला ते मी नाही सांगू शकणार. खरं बोलणारं दुसरं कुणी बघ.”

लेक तंबूच्या तोंडाशी खाली बसली. “फोन आला की तुम्ही ‘आईशी बोल’ म्हणायचात ना... मला वाटायचं, माझ्या कामाच्या गप्पांचा तुम्हाला कंटाळा येतो.”

“वेडी का काय तू?” फोरमन एवढ्या मोठ्याने म्हणाला, की वरच्या मास्तरीणबाईंना नवा विषय मिळाला असावा.

लेकीने नाक पुसलं आणि तोंड वर करून, ओठ नीट दिसतील असं विचारलं, “प्रेस बिघडली की तुम्हाला कसं कळायचं? तिथे तरी कान कुठे चालायचे?”

“बुटांतूनसुद्धा तळपायाला कळायचं. फटका नीट बसला नाही की जमीन वेगळी लागते.”

“माझं टेबल लाकडी फळ्यांवर आहे. ढोल वाजला, खालच्या पट्टीतलं काही वाजलं की ते थेट फळ्यांत उतरतं. तुम्ही तिथे माझ्याजवळ उभे राहा आणि फटका कसा बसतो तेवढं सांगा. वाकडा असला तर वाकडा म्हणा. वरचं आई सांगेल.”

“तिला गाण्यातलं काय कळतंय?”

बायकोचे ओठ हलले. फोरमन खुदकन हसला.

“काय म्हणाली आई?”

“काही नाही. मोठ्या माणसांचं बोलणं आहे.”

मग त्याने बॅगेतून ते बूट बाहेर काढले, विटेएवढे तळ एकदा अंगठ्याने दाबून बघितले आणि कपाटाखाली सरकवले. दाराशी त्याच्या घरात घालायच्या चपला होत्या, झिजून पापुद्र्यासारख्या झालेल्या. त्या झटकून कागदात गुंडाळल्या आणि बॅगेच्या कडेला सारल्या. बॅटऱ्यांना कुणी हात लावला नाही. चेन पहिल्याच ओढीला लागली.