मी डिलीट केलेलं तेरवीचं कार्ड

भुताखेताचं कोनी सांगाले बसलं का मी उठून जात होती. मले तेवढा टाइमच नाई... दहावी नापास हावो मी, जसं बोलते तसंच लिवून राह्यली. हासाचं असन तं वाचू नोका.

अमरावतीले राजापेठमंदी डीटीपीच्या दुकानात मी पत्रिका अन तेरवीचे कार्ड टाइप करते. माही आरू तीन वर्साची. अंगनवाडी सुटली का ते माह्या टेबलाखालीच खेळते.

आता आमच्याकडं तेरवीचं कार्ड कोनी नव्यानं टाइप नाई करत. जुन्या मयताची फाईल उघडाची, नाव-गाव खोडाचं, नवीन टाकाचं. बाकी मजकूर तोच रायते. त्या दुपारी धामनगाव रेल्वे या गावचं कार्ड होतं. मानूस साठीतला, अटॅकनं गेला. सारं टाइप केलं, वर पाह्यलं... तं मयताच्या जागी माह्या आरूचं नाव! बापाच्या नावासकट, आडनावासकट.

मंग असा राग आला का... आमचे मालक, दादा, एक साप्ताहिक काढते म्हनून सोताले संपादक म्हनवते. त्यायच्याच अंगावर गेली मी.

"दादा, लेकराची थट्टा करता? लाज नाई वाटत?"

"मी काहून करू वं? तिच्या बर्थडेचं कार्ड तुनंच बनवलं ना याच कम्प्यूटरवर? ते नाव चिकटलं असन. जुन्या फाईलीवर काम करता अन मंग बोंबलता." वरून हासून म्हनते, "मेल्याची खोटी खबर आली का आयुष्य वाढते. पेढे वाट!"

"तुमच्या पोराचं नाव टाकू का? मंग तुमीच वाटा पेढे!"



मी कोरी फाईल घेतली. एक एक अक्षर नवीन टाइप केलं. आरूले पानी पाजाले खाली वाकली, वर पाह्यलं — पुन्हा तेच! जाड अक्षरात, माह्या पोरीचं नाव. शिव्या देल्या मी त्या कम्प्यूटरले, ज्या आजपावतर कोनाले देल्या नाईत. सारं सिलेक्ट केलं अन डिलीट मारलं... मारतच राह्यली, बटन तुटाले आलं.

माह्या मागं देविदास काका उभे होते. आमचे प्रूफ पाहनारे. पयले अकोल्याले एका पेपरात लांब बातम्या कापून लहान कराचं काम करत.

"अवं बाई," काका म्हने, "वाचलं तरी का पूर्न?"

"काय वाचू? माह्या पोरीचं मरन वाचू?"

"वय चौऱ्याऐंशी होतं ना त्यात. वृद्धापकाळानं, झोपीत. खाली लेकरं, सुना, नातवं, पनतूबी... भरलं घर होतं वं."

धामनगावचा मानूस तं साठीतला! मंग ते वय कोनाचं? खोडलेलं परत आनाले कंट्रोल झेड मारलं... तं आला तो धामनगावचाच मजकूर, साफसूफ. आरूचं नाव कुठंच नाई. पुन्हा मारलं, पुन्हा तेच.

"काका, नावं सांगा. आरूच्या लेकराइचे नावं काय होते?"

"ध्यान नाई राह्यलं."

"एवढे वर्सं वाचता अन ध्यान नाई राह्यलं?"

"मी चुका पाह्यतो, पोरी. एकबी चूक नव्हती... म्हनून डोळा सरकत गेला."

काय बोलू त्या मानसाले! भांडली मी, लय भांडली. माह्या पोरीचं सारं घर तुमच्या डोळ्याखालून गेलं अन तुमी चुका शोधून राह्यले होते! पन ते चौऱ्याऐंशी वर्सं डिलीट तं म्याच केले ना... मले कोनी सांगतलं होतं?

तवापासून आरू सादी शिंकली तरी मी तिले घेऊन डाक्टरकडं पळते. दादा म्हनते वहेम हाय. मंग काकानं काय वाचलं? काका खोटं काहून बोलन?

मी नवीन फाईल केली. तिचं नाव टाकलं, वय चौऱ्याऐंशी टाकलं, सेव केलं. दादाले सांगून ठेवलं, हात लावाल तं बोटं मोडीन. रोज उघडून पाह्यते. माह्या हातानं लिवलेलं चालते का, हे मले कोनी सांगत नाई... अन खाली लेकराइच्या नावाची जागा अजून रिकामीच हाय.