माईकवर मी 'स्वयंस्फूर्तीने' म्हणालो

"फिर ना वं, पाठ दाखव साहेबांले."

आमच्या शाळेच्या मैदानावर, भर मांडवात, संस्थेचे अध्यक्ष हे माझ्या बायकोला म्हणाले. हातातल्या छडीच्या टोकानं त्यांनी तिच्या ओढणीचा पदर उचलला होता. पाहुण्यांना कांचळीवरचे आरसे दाखवायचे होते. कांचळी म्हणजे आमच्या बंजारा बायकांची चोळी. पाठीवर उघडी, नाड्यांनी बांधलेली. ती फिरली. पाहुणे हसले. कोणीतरी फोटो काढला.

मी शेजारीच उभा होतो. हातात माईक. मी म्हणालो, "तांड्यातील भगिनी आज स्वयंस्फूर्तीने स्वागतनृत्यासाठी आल्या आहेत." टाळ्या वाजल्या.

खोटं होतं ते. आदल्या दिवशी अध्यक्षांनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, "मास्तर, तुमच्या बाया नाचल्या पाह्यजे. पुऱ्या ड्रेसात." मी तिथं इंग्रजी शिकवायचो. नोकरी कायम झाली नव्हती. मी तांड्यात घरोघर फिरलो. बायका म्हणाल्या, नाच होळीचा, आपल्या तांड्यातला, लेंगीची गाणी गात नाचायचा. उन्हात कोण्या साहेबापुढे कायले? मी म्हणालो, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. मग त्या कापूस वेचणीचा दिवस बुडवून आल्या. पाहुणे येईपर्यंत आरशांचा, दागिन्यांचा तो सगळा भार अंगावर घेऊन उन्हात उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर बायकोनं कांचळी उतरवून पेटीत टाकली. आम्ही घरात गोरबोलीत, आमच्या बंजारा भाषेत बोलतो; इथं मराठीत लिहितो.

"माईकवर काय म्हटलं तुमी?"

"तसं म्हणायची पद्धत असते."

"मले कोनं इचारलं होतं?"

मी जेवायला बसलो. तिनं वाढलं आणि ती बाहेर निघून गेली.

दोन-चार दिवसांनी नववीच्या वर्गात वाक्प्रचार शिकवत होतो. 'ऑफ युअर ओन बॅट.' अर्थ सांगितला: कोणी न सांगता, आपल्या मनानं केलेलं काम. कुठून आला तेही सांगितलं. क्रिकेटमधून. फलंदाजानं स्वतःच्या बॅटनं काढलेली धाव त्याच्या नावावर लागते. चेंडू नुसता अंगाला लागून मिळालेली धाव संघाला जाते, त्याच्या नावावर नाही. मुलांना पटकन कळलं. मग उदाहरण द्यायचं होतं. जिभेवर जे आलं ते फळ्यावर लिहिलं. तांड्यातल्या बायका 'ऑफ देअर ओन बॅट' नाचायला आल्या.

माझी मुलगी त्याच वर्गात होती. शाळेत मला सर म्हणायची. ती उभी राहिली.

"सर, ते तं लेगबायची धाव झाली. बॉल माह्या याडीच्या आंगाले लागला, अन् रन संस्थेले भेटला."

याडी म्हणजे आई. वर्ग हसला. पोरांना क्रिकेटचा विनोद वाटला. मला कळलं होतं ती काय म्हणतेय. शब्द न् शब्द कळला होता. तरी मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. तास संपेपर्यंत. फळ्यावरचं वाक्य पुसलं नाही. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

पुढं मी कायम झालो. मुख्याध्यापक झालो. पाहुणे येत राहिले. माझी बायको पुन्हा त्या मैदानावर गेली नाही. मी तिला नेलं नाही, असंही म्हणता येईल. दुसऱ्यांच्या बायका, दुसऱ्यांच्या आया नेल्या. बोलवायला मीच जायचो. माईकवर मीच असायचो. वाक्य तेच.

मी निवृत्त झालोय. परवा जुन्या अध्यक्षांचा मुलगा गाडी घेऊन तांड्यात आला. आता तो अध्यक्ष आहे. शाळेचा महोत्सव आहे म्हणाला. स्मरणिकेसाठी मी लेख द्यायचा, विषय 'तांड्याचा उत्स्फूर्त सहभाग'. आणि बायका आणायच्या.

"सर, तुमचा शब्द तांडा मोडत नाही."

बायको दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बायाइले न्यायचं असन तं बायाइले इचारा, भाऊ. याइले काय इचारता? हे तं नुसती दवंडी देते."

तो हसला. माझ्याकडं पाहत राहिला. नेहमीसारखं काहीतरी बोलून मी सावरून घेईन, असं त्याला वाटलं असावं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. तोंड उघडलंही होतं.

"नाही," मी म्हणालो. "मी कोणाच्या दारात जाणार नाही."

"सर, आमच्या बाबांनी तुमाले कायम केलं, विसरले काय?"

"नाही विसरलो. तेच लिहून देतो."

तो गेला. मी लिहायला बसलो. तोच हा लेख. बायकोला विचारलं, तुझं नाव लिहू का? या आधी तिला काही विचारल्याचं मला आठवत नाही. ती म्हणाली, "नोका लिहू. मी सांगीन तवा लिहा." म्हणून लिहिलेलं नाही.

स्मरणिकेत हे छापणार नाहीत. तालुक्याला, महागावला जाऊन झेरॉक्स काढीन. महोत्सवाच्या दिवशी शाळेच्या फाटकात उभा राहीन आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक कागद देईन. कोणी हाकललं तर रस्त्याच्या पलीकडं उभा राहीन. तांड्यातल्या बायकांची माफी मागणार नाही. मागितली तर त्या देतील, आणि प्रकरण मिटेल. मला ते मिटू द्यायचं नाही.