पाडसाच्या कानावरचं नाव

उदगीरच्या पलीकडं, माळाला लागून वनखात्याची रोपवाटिका आहे. भामाबाई तिथं अकरा वर्षं रोजंदारीवर आहे. रोपांना पाणी घालायचं आणि जखमी जनावर आलं तर तेही सांभाळायचं. पंख मोडलेले मोर तिनं सांभाळले, तारेत अडकलेलं उदमांजर सांभाळलं. कधी भ्याली नाही. भ्याली ती एका काळविटाच्या पाडसापायी, आणि तेही ते बरं झाल्यावर.

कुत्र्यांनी त्याचा मागचा पाय फाडला होता. वनरक्षक सिद्धरामनं डोळ्यांवर फडकं बांधून त्याला आणलं. डॉक्टरांनी टाके घातले आणि बजावलं, हिरव्या जाळीआडूनच दूध पाजायचं, त्याच्याशी बोलायचं नाही. माणसाचा लळा लागलेलं हरीण माळावर जगत नाही. भामाबाईनं सगळं पाळलं. जाळीतून नुसती बाटली आत जाई. पण मुक्यानं कुणाला घास भरवणं तिला जमेना. घरी गाईला वैरण टाकतानाही तोंडात नाव असायचं. देवाचं नाव म्हणजे काही बोलणं नव्हे, असं मनाशी धरून ती बाटली लावताना हळूच ‘रामकृष्णहरी’ म्हणायची. दिवसातून चार वेळा, तीन महिने.

पाय भरून आल्यावर एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, त्याला माळावर सोडलं. समोर कळप चरत होता. पाडस दबकत कळपाकडं निघालं, निम्म्यात पोचलं आणि तेवढ्यात गावातल्या सप्ताहाच्या भोंग्यावर हरिपाठ सुरू झाला. रामकृष्णहरी. पाडसाचे कान टवकारले. ते वळलं आणि सरळ गावाकडं चालू लागलं.

भामाबाई भ्याली. सप्ताहाच्या पंगतीच्या पत्रावळ्यांवर गावातली सगळी कुत्री जमलेली असणार, हे तिला सांगायला कुणी नको होतं.

“मावशी, हे तिकडं का निघालं?” सिद्धराम म्हणाला.

“मी नाव घेऊन पाजलंय त्याला.”

सिद्धरामनं पाडसामागं टाकलेलं पाऊल आखडलं. म्हणाला, “मी मागं लागलो तर बुजून कुत्र्यांतच घुसंल ते. तुमीच बोलवा आता.”

तिनं दबक्या आवाजात नाव घेतलं. पाडस थांबलं, उड्या मारत आलं आणि तिच्या हाताला तोंड घासू लागलं. सिद्धराम म्हणत होता की अजून महिनाभर जाळीत ठेवू. तिनं मान हलवली. रोज पहाटे काकडा, दर एकादशीला भजन, वर्षाला सप्ताह. किती दिवस कोंडायचं?

शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, पडल्या होत्या. तिनं एक उचलली. “रामकृष्णहरी,” ती मोठ्यानं म्हणाली, आणि पाडसाच्या पाठीवर तुराटी ओढली.

ते दचकून मागं सरलं, पुन्हा जवळ आलं. दूध मिळणार असंच त्याला वाटत होतं. तिनं पुन्हा नाव घेतलं, पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मात्र नाव ऐकताच, तुराटी उठायच्या आतच ते उधळलं. त्याच्या धांदलीनं कळपही उधळला आणि दोन्ही मिळून पलीकडच्या उतारावर गेली.

“झालं. चला मावशी,” सिद्धराम म्हणाला.

ती हलली नाही. भोंग्यावर आवाज चढला की उतारावरची एक मान वर व्हायची. वळतंय का, वळतंय का, असं बघत हरिपाठ संपेपर्यंत ती तुराटी घट्ट धरून माळावर उभी राहिली.