नीलाक्कांनी माफ केलं नाही

नीलाक्का गेल्या तेव्हा मी त्यांच्या उशाशीच होते. आमच्यात देतात तशी बसवून मूठमाती दिली, कपाळाला विभूती लावली, आणि दुसऱ्या दिवसापासून धाराशिवातल्या ओळखीच्या बायका भेटायला येऊ लागल्या. जी ती डोळे पुसत एकच म्हणायची, "लई सोसलं बाईनं. पण जाताना मालकाला मनातून माफ करून गेल्या असतील बघा." दुःखाच्या घरात वाद घालू नये म्हणून मी गप्प राहिले. आता महिना होत आलाय, तेव्हा सांगते. अक्कांनी माफ केलं नाही. त्यांच्याबद्दल काय वाटेल ते म्हणा, पण एवढं खोटं त्यांच्या नावावर चढवू नका.

अक्का माझी सवत. त्या पहिल्या, मी दुसरी. मला जळकोटहून आणली तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि अक्कांच्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात मूल नव्हतं. नवऱ्याचं धान्याचं आणि रॉकेलचं दुकान. आम्ही दोघी त्याला मालक म्हणायचो. तोंडावर नेहमी अहो-जाहो केलं. आता तो नाही, अक्काही नाहीत, तेव्हा इथं मी त्याला अरे-तुरेच करणार आहे.

माझ्या लग्नाच्याच आठवड्यात त्यानं सोलापूरच्या कुण्या साहेबाच्या लिलावातून रॉकेलवर चालणारा फ्रीज आणला. आमच्या गल्लीत तेव्हा वीजसुद्धा नव्हती. खाली दिवा पेटतो आणि वर बर्फ होतो, हे बघायला अख्खी पेठ लोटली. लोक त्याला बर्फाचं कपाट म्हणायचे. बैठकीत कचेरीतले अंमलदार, व्यापारी, सोयरे बसलेले. मालकानं अक्कांना बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या नशिबात पाळणा न्हाय. हे कपाट सांभाळ." लोक हसले. मी दाराआड नवी नवरी होते... अक्कांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "व्हय, सांभाळते."

आणि सांभाळलं. कपाट पोचवायला आलेल्या साहेबाच्या खानसाम्याकडून त्यांनी सगळं विचारून घेतलं. वात रोज सारखी कापायची. ज्योत निळी हवी. पिवळी झाली की समजायचं, काजळी धरतीय. मग मागचं धुराडं उतरवून खराट्यानं झाडायचं. कपाट जराही कललेलं चालायचं नाही, म्हणून वर पाण्याची वाटी ठेवून बघायच्या. भिंतीला चिकटवलं तर मागची ऊन हवा कोंडते, म्हणून हातभर अंतर. आतल्या फळीवर बर्फाचा थर चढला की दिवा विझवून वितळू द्यायच्या, मी सुरी घेतली तर हातावर चापट मारायच्या. गार पडेनासं झालं तर आधी ज्योत बघायच्या, मग नवी वात घालायच्या. त्या कामात मला त्यांनी जवळ घेतलं. "कावेरे," म्हणायच्या, "तुझं न् माझं भांडण लावायला आणलंय तुला. आपुन न्हाय भांडायचं."

काही वर्षं गेली. मलाही दिवस गेले नाहीत. तेव्हा मालक तिसरी बघू लागला. ईट गावची मुलगी, आमच्याच समाजातली, घरची शेती मोठी, वय माझ्या लग्नातल्या वयापेक्षाही कमी. आम्हाला हे त्याच्याकडून नाही, दुकानातल्या हमालांकडून कळलं. मुलीचे वडील घर बघायला येणार, म्हणून त्याला कपाट माजघरातून बैठकीत मांडायचं होतं. दार अरुंद. हमालांनी ते आडवं केलं, तसंच तिरकं ओढत नेलं. आडवं केलेलं कपाट लगेच पेटवलं की गार पडत नाही, हे खानसाम्यानं बजावून सांगितलं होतं. अक्का चौकटीत उभ्या राहून बघत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

रात्री तसंच पेटवलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट आतून कोमटच. मालक चिडला. "पाव्हणे आज येतेत! कर काय तरी!"

"करते की," अक्का म्हणाल्या. "पण माझ्या पद्धतीनं. मधी कुणी हात लावायचा न्हाय."

"न्हाय लावत. फकस्त नीट कर," असं म्हणून तो पाहुण्यांना आणायला मोटारीच्या अड्ड्यावर गेला. त्याची पाठ वळताच अक्कांनी हमाल बोलावले. खालची रॉकेलची टाकी काढून घेतली आणि ते कपाट सरळ डोक्यावर उभं केलं, पाय आढ्याकडे. अशा बिघाडावर तोच इलाज होता. उलटं ठेवायचं, आतलं सगळं जागेवर येऊ द्यायचं, मग सुलटं करून पेटवायचं. त्यात लबाडी काही नव्हती. फक्त ते त्याच दिवशी, बैठकीच्या मधोमध करायची गरज नव्हती.

पाहुणे आत आले आणि उंबऱ्यातच थबकले. मालकाच्या तोंडाचं पाणी पळालं. मुलीचे वडील साधे गृहस्थ. त्यांना खरंच नवल वाटलं. "हे काय वो? कपाट डोक्यावर?"

अक्का बैठकीत आल्या. परक्या पुरुषांसमोर त्या आधी कधी आपणहून आल्या नव्हत्या. येताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि मलाही ओढत आणून शेजारी उभं केलं.

"गार पडंना झालंय, दादा. नीट करतोय."

"बिघाड कशात हाय, ते कळतं कसं?"

"सोपं हाय. गार पडंना, तर आधी वातीवर आळ येतो. मग दुसरी वात आणायची. तरीबी गार पडंना, तर खोट वातीत न्हाय, कपाटात हाय, असं समजायचं." त्यांनी मालकाकडे बघितलंसुद्धा नाही. "तिसरी वात आणू नये, दादा. उगी जळून जाती."

त्या माणसानं अक्कांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग मालकाकडे. खांद्यावरचं उपरणं नीट केलं. "येतो आमी," एवढंच बोलले. पाणीही न घेता निघाले.

त्या दिवशी मालकानं अक्कांना मारलं. मी मध्ये पडले तर मलाही मारलं. आम्ही दोघी माजघरात एकमेकींच्या पाठीला हळद लावत बसलो, आणि अक्का हसू लागल्या. तोंड सुजलेलं, तरी हसत होत्या... मग मीही हसले. दुसऱ्या दिवशी हमालांकडून कपाट सुलटं करून घेतलं, पेटवलं. बर्फ जमला तसा अक्कांनी गार पाण्याचा पेला भरला, बर्फाचे दोन खडे टाकले आणि जेवून लवंडलेल्या मालकासमोर ठेवला. "घ्या. कपाट सुरू झालं."

त्यानं पेल्याला हात लावला नाही. त्या दिवसापासून रोज दुपारी तो पेला त्याच्यासमोर यायचा. कधी फेकून द्यायचा, तर अक्का खडे वेचून दुसरा भरून आणायच्या. लोकांदेखत नाही म्हणता यायचं नाही, तेव्हा प्यावं लागायचं. हमालांनी बाहेर गोष्ट केलीच होती. अडतीत त्याला मागून 'तिसरी वात' म्हणू लागले. पुन्हा कुणी त्याला मुलगी दाखवली नाही.

पुढं निजामाचं राज्य गेलं, ते धामधुमीचं वर्ष आलं. रस्ते बंद, रॉकेल मिळेना. रॉकेलच्या व्यापाऱ्याच्या घरात डबा तळाला लागला. मालक मनातून खूश होता. म्हणाला, "आता बंद करा ते." अक्कांनी घरातले कंदील बंद केले. आम्ही दिवस मावळायच्या आत जेवायचो, अंधारात बसायचो, आणि बैठकीत त्या कपाटाखाली निळी ज्योत तेवढी जळायची. पेला चुकला नाही.

शेवटच्या दुखण्यात त्याचा आवाज बसला होता. अक्कांनी पेला ओठाला लावला तेव्हा म्हणाला, "नीला, आता तरी सोड." मी तिथंच पाय चेपत होते. अक्कांनी त्याची मान उचलून नीट आधार दिला. सेवेत त्यांनी कधी कसर केली नाही. "प्या," म्हणाल्या. "वितळतंय." तो रडला. माझ्या मनात कणभर दया आली नाही, आणि आज लिहिताना शोधली तरी सापडत नाही.

परवा दारात रिक्षा थांबली. माझ्याहून थोड्या लहान एक बाई नातवाचा हात धरून उतरल्या. मी ओळखलं नाही. "मी ईटची," त्या म्हणाल्या. "आमचा बाबा त्या दिवशी जिच्यासाठी माघारी फिरला, ती मी." भूमकडे दिली होती त्यांना. नवरा बरा निघाला, चार लेकरं झाली. बातमी उशिरा कळली म्हणून आत्ता आल्या होत्या. अक्कांच्या फोटोसमोर त्यांनी हात जोडले. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी मार खाल्ला हो त्या माउलीनं."

खोटं बोलवेना मला. "तुमच्यासाठी न्हाय बाई," मी म्हणाले. "तुमचं नावबी अक्कांना ठाऊक न्हवतं. त्यांना त्याला जाळायचं होतं."

वाटलं, दुखावल्या. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "जळाला का?"

"व्हय," मी म्हणाले. "लई वर्षं."

"बरं झालं," म्हणाल्या, आणि माझ्याकडे चहा मागितला.