भावजींचा बेल

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हा तिथे सगळंच नवं होतं. कलेक्टर कचेरी नवी, रस्त्यावरच्या पाट्या नव्या, साहेबांचा रुबाब नवा. पाणी तेवढं जुनंच होतं, म्हणजे नव्हतंच.

अशा दुष्काळी श्रावणात मी नांदेडहून एकटाच लातूरचं वनस्पती उद्यान बघायला निघालो. एसटीत शेजारच्या पागोटेवाल्याला तसं सांगितलं, तर तो अहमदपूर येईपर्यंत माझ्याकडे चोरून बघत होता. घरातून पळालेला माणूस असावा, अशी त्याची समजूत झाली असणार. मीही ती मोडली नाही. मधून मधून खिडकीबाहेर बघून एकेक उसासा टाकला.

खरं कारण अक्काचं होतं. माझी ही थोरली बहीण लातूरच्या एका अडत्याच्या घरात दिलेली. भावजी गेले आणि पाठोपाठ तिच्या पायांतलं बळ गेलं, म्हणून तिला मी नांदेडला माझ्याकडे आणलं होतं. नव्या जिल्ह्याला शोभेल असं मोठं उद्यान आखलं गेलं, तेव्हा गावातल्या लोकांनाही तिथे एकेक झाड लावू दिलं होतं. भावजींनी बेल लावला. महादेवाचा माणूस, दुसरं काय लावणार. पुढे रोज दुकान उघडायच्या आधी ते तांब्या घेऊन तिकडे जात.

आता त्यांना जाऊन वर्ष होत होतं. अक्का रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. वर्षाच्या दिवशी त्या पूजेला तिला त्यांच्याच झाडाचं पान हवं होतं.

“नांदेडात बेल मिळत न्हाई का?” मी विचारलं.

“मिळतो की. पण त्यो त्यांच्या हातचा हाय का?” ती म्हणाली. “आन् झाड वाळलं असंल तर वाळलं म्हणून सांग. येऊन नाटक करू नको.”

गणपतीतल्या नाटकांत मी अनेक वर्षं मरण्याची कामं केलेली. माझ्यावर विश्वास ठेवणं तिला जड जात असे.

उद्यानाच्या फाटकावर पत्र्याच्या सावलीत राखणदार बसला होता.

“काय बघायला आलाव?”

“झाडं.”

“लवकर बघून घ्या मग.”

आत शिरलो आणि तो थट्टा करत नव्हता हे कळलं. उद्यान अफाट होतं. गुलाबांच्या वाफ्यात काड्या उभ्या होत्या आणि प्रत्येक काडीपुढे पत्र्याची पाटी, वर मराठी नाव, खाली लॅटिन. नट पळून गेले आणि जाहिरात भिंतीवर राहिली, तसं ते दिसत होतं. कमळाच्या तळ्यावर लिहिलं होतं, ‘पाण्यात उतरू नये’. मी मुद्दाम उतरलो. भेगाळलेल्या चिखलाच्या मधोमध उभं राहून एका कावळ्याला स्वगत ऐकवलं. त्याने ते पूर्ण ऐकून घेतलं. इतका शांत प्रेक्षक मला पुन्हा मिळाला नाही. सगळ्या बागेत खुशीत होते ते एकटे निवडुंग.

औषधी झाडांच्या भागात ‘बेल’ अशी पाटी दिसली आणि माझी गंमत तिथेच संपली. बेलांची ती पूर्ण रांग वाळली होती. एक फांदी वाकवली तर कटकन मोडली आणि काटा बोटात शिरला. सरकारी बेल गेले, मग भावजींचा कुठला राहणार. रांगेखाली मी बराच वेळ बसलो. अक्काला काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवत होतो, आणि एकही वाक्य मला म्हणता येईना.

तरी जाऊन येऊ, म्हणून उठलो. विहिरीमागे, कुंपणाला लागून, असं तिने सांगितलं होतं.

विहीर कोरडी होती. तिच्या मागे एक झाड हिरवंगार उभं होतं.

बुडाशी नदीतला गोल धोंडा, त्यावर भस्माचे तीन पट्टे, भोवतालची माती ओली. एक म्हातारी तांब्यातलं पाणी जपून धोंड्यावर सोडत होती.

“आजी, ही पिंड कुणी बसवली?”

“एक अडते व्हते. रोज यायचे बेलाला पाणी घालाया. त्यांनीच धोंडा आणून ठिवला. ते गेले, मग आम्ही आळीतल्या बाया घालतो. घरात भांड्याला पाणी नसलं तरी देवापुरतं ठिवतो.”

मी पान तोडायला हात वर केला. तीन पानं एका देठाला, बेलासारखीच. पण फांदीला काटा नव्हता. पान चुरडलं तर बेलाचा वास नव्हता. खोडामागे एक पाटी मातीत पालथी पडली होती. उचलली. ‘वायवर्ण’. झाड बेलाचं नव्हतंच.

“काय लिवलंय?” म्हातारीने विचारलं.

तिच्या तांब्यात अजून घोटभर पाणी होतं.

“गंजलंय, आजी. वाचाया येईना.” मी पाटी होती तशी पालथी ठेवली.

नांदेडला न्यायची म्हणून पानं फडक्यात बांधली, तेव्हा कुठे न्यायची ते विचारून तिने तो उरलेला घोट फडक्यावर शिंपडला. “नांदेडपर्यंत सुकतील,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने फडकं सोडलं. एक पान उचललं, देठ चाचपला, नाकाशी नेलं.

“तोडताना काटं टोचलं का रे?”

“न्हाई.”

“टोचणार बी न्हाईत. रोप घरी आणलं त्या दिशीच मला कळलं व्हतं. पर तांब्या भरून तयार बसले व्हते. काय बोलू?” ती पानाकडे बघत राहिली. “एवढ्या दुष्काळात जगलं कसं?”

मी धोंड्याचं आणि म्हातारीचं सांगितलं. सरळ सांगितलं, हातवारे न करता.

“तिला सांगितलं न्हाईस ना?”

“न्हाई.”

“बरं केलंस.”

तिने तळहातावरच्या लिंगावर ते पान पालथं ठेवलं, बेल वाहतात तसंच. पान घसरलं, तिने पुन्हा ठेवलं.

“असते तर मला म्हणले असते,” ती म्हणाली, “समदे बेल वाळले, बघ, माझाच राहिला.”