सासऱ्याची साक्ष

माझ्या सासऱ्याबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाला तरी गाठा. त्या माणसाने मला तुरुंगात घातलं. स्वतःच्या सख्ख्या लेकीच्या नवऱ्याला! आणि कशापायी? तर आपलं माप चुकत नाही, या गुर्मीपायी.

म्हातारा शिंपी. युद्धकैद्यांच्या छावणीत कोठाराला लागून त्याची पत्र्याची शेड होती. आत एक मशीन, एक कोळशाची इस्त्री आणि हा, गळ्यात टेप अडकवून. कैद्यांचे आणि आम्हा लोकांचे कपडे शिवायची ती नोकरी त्याला मीच लावून दिली. मी कोठाराचा प्रमुख, सगळा शिधा माझ्या हातात. माझ्या शब्दाला तेव्हा वजन होतं.

स्वभाव म्हणाल तर नाकावर माशी बसू द्यायचा नाही. माझ्या लग्नाचा कोट त्यानेच शिवला आणि चार पाहुण्यांदेखत म्हणाला, "जावईबापू, तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे." कुणी विचारलं होतं? त्याची आणखी एक खोड होती. विजार आत घेतली तरी जादाचा कपडा कापायचा नाही, शिवणीत माया म्हणून ठेवायचा. आणि कमरपट्टीच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या जांभळ्या पेन्सिलीने माप आणि तारीख लिहायची. आधीचं माप खोडायचं नाही, त्याच्या खाली नवं. "उद्या माणूस भरला तर उसवता येते," म्हणायचा.

लढाई थांबली, कैदी आपल्या देशात परत गेले आणि तिकडे जाऊन बोंबलले की आम्हाला उपाशी मारलं. झालं, चौकशी बसली. लष्कराचीच चौकशी, लष्कराच्याच माणसांची, त्यामुळे आम्हाला फारशी धास्ती नव्हती. शिध्याच्या वह्या चोख होत्या, मीच लिहिल्या होत्या. अकरा कैदी मेले ते तापाने, असं डॉक्टरने लिहून ठेवलेलं. मी काय डॉक्टर आहे?

पण चौकशीचा कॅप्टन भलताच चिकट निघाला. परत पाठवताना कैद्यांना नवे कपडे दिले होते, जुने धुलाईखान्यात पडून होते. त्याने एक विजार उलटी केली. चौतीस. खाली बत्तीस. खाली तीस. खाली सत्तावीस. पाच महिन्यांच्या तारखा. मग त्याने दीडशे विजारी उलट्या केल्या. सगळ्यांची तीच गत.

त्याच संध्याकाळी बायकोला घेऊन मी म्हाताऱ्याकडे गेलो. तो काजं करत बसला होता.

"मामा, उद्या एकच वाक्य बोलायचं. पहिली मापं घाईत घेतली, सैल झाली, म्हणून पुढे आत घ्यावी लागली. बस्स."

"दीडशे मापं चुकली म्हणू?"

"चुकतात माणसाची."

"माझी नाही."

ही रडायला लागली. "बाबा, तुमचा मोठेपणा राहू द्या हो! यांना आत टाकतील. पोरींना घेऊन मी कुठे जाऊ?"

त्याने सुई खोचून ठेवली. मग माझं डोकं फिरलं. "पाच महिने तोंडात मूग गिळून बसलात ना? एकेकाची विजार तीन-तीनदा आत घेतलीत, तेव्हा नाही कंठ फुटला!"

"तेवढं खरं बोललात," तो म्हणाला आणि पुन्हा सुई उचलली.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत लांब टेबलामागे कर्नल, शेजारी तो कॅप्टन, कोपऱ्यात टंकलेखक. समोर पहिल्या रांगेत आमचे मेजरसाहेब, छावणीचे प्रमुख, आणि त्यांच्या मागे मी. शिधा निम्मा करा, हा हुकूम मेजरसाहेबांचा, तोंडी. उरलेलं त्यांच्या बंगल्यावर जायचं. थोडं माझ्या पिशवीतून आमच्या घरी यायचं. थोडंच.

कर्नल आमच्या बाजूचा होता. "काय रे, घाईत चुकली असतील ना मापं?"

"नाही साहेब."

कर्नल हसला. "एवढा शहाणा आहेस तर नुसत्या नजरेने सांग बघू, मेजरसाहेबांची कंबर किती?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. म्हाताऱ्याने चष्मा सारखा केला. "गेल्या वर्षी छत्तीस होती. आज एकोणचाळीस."

कॅप्टनने टेप मागून घेतला आणि मेजरसाहेबांना उभं केलं. एकोणचाळीस. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मागे बसलेत ते माझे जावई," म्हातारा न विचारता पुढे बोलला. "यांची बत्तीस होती, आता पस्तीस. ज्या आठवड्यात कैद्यांची तीस केली, त्याच आठवड्यात यांची चौतीस केली. मीच उसवली. आत लिहिलंय."

भर खोलीत मला कमरपट्टी उलटून दाखवावी लागली. बायकोच्या बापासमोर, मेजरसाहेबांसमोर! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतोस, थेरड्या?" मी ओरडलोच. "रोज रात्री आमच्याकडेच जेवत होतास ना? ती साखर, ते मटणाचे डबे कुठून येत होते? विचारा याला, साहेब, विचारा!"

नुसता टंकलेखकाच्या मशीनचा आवाज. आपण काय बोलून बसलो ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं.

म्हाताऱ्याने कॅप्टनच्या हातातून टेप घेतला आणि स्वतःच्या कमरेला लावला. टेप दोनदा सुटला. "खरं आहे ते," तो म्हणाला. "माझी अठ्ठावीस होती. तीस झाली. हेही लिहा."

पुढे खटला झाला. मेजरसाहेबांची नुसती बदली. मला चार वर्षं. म्हाताऱ्याला कुणी काही केलं नाही. मला नेत होते तेव्हा तो जाळीपाशी आला. "मुली माझ्याकडे राहतील," म्हणाला. मी त्याच्या तोंडावर थुंकलो. त्याने पुसलंसुद्धा नाही.

"तुम्ही चार वर्षांनी सुटाल, जावईबापू," तो म्हणाला.

ऐकलंत? म्हणजे मी इथे गजाआड, आणि बिचारा कोण, तर तो!